चिंबोरीची ढील

"पाटा कशाला चढवतेस त्याच्यावर?"

ओटीवरून मामांचा आवाज आला तेव्हा मी पाटा पोटाशी धरून अंगणाच्या मधोमध उभी होते.

"वजन पाहिजे," मी म्हटलं.

"वाटण वाटायचंय का वजन करायचंय?"

"गाडीवर माणूस बसल्यागत वजन पाहिजे, मामा."

"मग माणूस बसव."

"माणूस कुठून आणू? पोरं शाळेत, तुमचा लेक अजून पाण्यावर."

मामांनी अंगणभर नजर फिरवली आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले. अंगणात खरं तर दोन माणसं होती, एक मी आणि एक ते. पण आपण माणसांत मोजले जातो हे मानणं त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिलं होतं.

मामा म्हणजे माझे सासरे, धाकू तांडेल. होडीवर ज्याचा शब्द शेवटचा तो तांडेल. आता होडी नव्हती, शब्दही कमी झाले होते. उरली होती ओटी, आणि ओटीवरची खुर्ची. तीसुद्धा समुद्राकडे पाठ करून ठेवलेली.

आणि गाडी म्हणजे ती चार फुगीर चाकांची, किनाऱ्यावर पाहुण्यांना फेरी मारून आणायची गाडी. कागदावर तिचं इंग्रजी नाव भारदस्त होतं. आमच्या साखरबंदरात मात्र पहिल्या दिवसापासून सगळे तिला चिंबोरी, म्हणजे खेकडी, म्हणायचे. लाल रंग, चारही पाय फाकून बसलेली, आणि हँडल नवख्या माणसाच्या हातात गेलं की सरळ जायचं सोडून आडवी पळणारी. होडी गेल्यावर काही वर्षांनी हिराजीने ती घेतली. हिराजी माझा नवरा. इथे त्याला एकेरी लिहिते, समोर अजून 'अहो'च म्हणते. तो दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी, त्यामुळे चिंबोरी माझ्याकडे आली. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसल्या. नंतर त्यांच्या घरी पाहुणे आले की त्याच मला हाक मारायला लागल्या, "दमे, आमच्या जावयाला एक फेरी मारून आण गो."

टोपलीत मासळी घेऊन दारोदार फिरायचे तेव्हा मला वाईट वाटायचं नाही. पण ओल्या वाळूवरून चिंबोरी सुटली, की माझ्या अंगातलं काहीतरी सुटायचं. ते सांगायला गेलं तर लोक हसतील, म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी संध्याकाळी मुरूडहून हिराजीचा आतेभाऊ भाल्या टेम्पो घेऊन येणार होता, चिंबोरीला घेऊन जायला.

कारण चेन. त्या हंगामात चेन दोनदा तुटली. दुसऱ्यांदा तुटली ती भरतीच्या तोंडावर, गाडीवर एक नवं जोडपं असताना. नवरी पाण्यातून चालत आली, नवरा मागून तिची चप्पल घेऊन. मी आणि चार बाप्ये मिळून चिंबोरीला ओढत वर आणेपर्यंत लाट तिच्या सीटवरून जाऊन आली. हिराजी घरी आला, त्याने नवी चेन आणून बसवली आणि म्हणाला, "बास. भाल्याला सांगितलंय. मुरूडला त्याचा मेकॅनिक हाय, तो बघंल."

"आणि मी काय करू?"

"तुला काय कमी हाय?"

मी दुसरं विचारलं, "भाल्यासमोर दोन माणसं घेऊन मी खाडीपर्यंत जाऊन आले, आणि नाय तुटली, तर?"

तो बराच वेळ जाळ्याच्या पिशवीची गाठ मारत होता. "तर राहू दे," म्हणाला. "पण तुटंल. आपल्याकडं टिकत नाय."

ती का तुटते हे मला कळलं होतं. म्हणजे कुणी शिकवलं नव्हतं, नशिबाने दिसलं होतं. मागे एकदा पुण्याकडच्या एका बाईंचं कानातलं गाडीपाशी वाळूत पडलं. मी गुडघ्यांवर बसून, गाल जवळजवळ वाळूला लावून शोधत होते. त्यांचे यजमान चांगले अंगापिंडाने भरलेले. ते मधेच शोधायला उतरायचे, कंटाळून पुन्हा सीटवर बसायचे. माझ्या डोळ्यांसमोर होती चेन. ते उतरले की ती खालच्या बाजूने जराशी लोंबायची. ते बसले की मागचा शॉकअप दबायचा आणि चेन ताठ. उतरले, लोंबली. बसले, ताठ. कानातलं मिळालं त्यांच्या पर्समध्ये, पण मी तिथेच बसून राहिले. गाडी रिकामी असताना लोंबणारी चेन माणूस बसल्यावर एवढी ताणते, तर जी रिकामी असतानाच ताठ आहे, तिच्यावर काय बेतत असेल?

आणि हिराजीची चेन कायम ताठ. मागच्या चाकांच्या आसाचे नट ढिले करायचे, लांब बोल्ट फिरवून आस मागे ओढायचा, आणि चेनीवर पाना आपटून बघायचा. तारेसारखी 'टण्ण' वाजली की त्याचं समाधान. चेनच कशाला, त्याच्या हातून जाणारं सगळंच असं. पोरांच्या बुटांच्या नाड्या अशा बांधायचा की शाळेत बाई कात्री मागवायच्या. कपड्यांची दोरी अशी ताणायचा की कावळा बसला तर सूर निघावा. वर्षातून एकदा ती ओल्या चादरींसकट तुटायची आणि धुतलेलं सगळं मातीत. मी चेनीचं सांगून पाहिलं होतं. "अहो, तुम्ही रिकाम्या गाडीवर चेन बघता. गाडी काय रिकामी पळते?"

तो पाना पुसत म्हणाला होता, "सैल दोरानं एकदा घर बुडालंय आपलं."

झालं. त्या वाक्यापुढे आमच्या घरात कुणी बोलत नसे.

ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणी सांगत नव्हतं. माझं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते. वादळाची सूचना आली म्हणून गावातल्या सगळ्या होड्या खाडीत आणून दगडी खुंटांना बांधल्या. आमची 'पार्वतीप्रसाद' हिराजीने बांधली. सकाळी वारा पडला तेव्हा बाकीच्या होड्या जागेवर होत्या, आणि आमची खाडीच्या तोंडाशी खडकावर, पोट फुटून. पुढच्या टोकाला, नाळेला, तुटक्या दोराचा तुकडा लोंबत होता. सगळं गाव धक्क्यावर जमलेलं. मी नवी सून, मागे बायकांत उभी. मामा एकच वाक्य बोलले, "हिऱ्या, दोर सैल सोडलास."

दोर सैल राहिला की होडी हिसके खाते, हिसक्याने दोर तुटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हिराजी खाली वाळूत उतरला आणि फळ्या गोळा करायला लागला. मामा घरी आले, ओटीवर बसले, ते बसलेच. तेव्हापासून त्यांनी वाळूत पाय ठेवला नाही. होडीचं दुःख, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

तर तो पाटा.

मी तो सीटवर ठेवला. मागच्या कॅरियरवर भरलेली गॅसची टाकी चढवली, तिच्या पुढ्यात मिठाचं पोतं. चिंबोरी थोडी दबली, पण दोन माणसांएवढी नाही. कुंपणाच्या वईपलीकडून लीलाकाकू बघत होती.

"काय गो दमे, बिऱ्हाड हलवतेस?"

"काकू, ये ना जरा. दोन मिनिटं बस याच्यावर."

"मी? माझं लुगडं चेनीत अडकलं म्हणजे तुझा सासरा हसंल मना."

"मामा हसले तर मी तुला हलव्याची तळलेली तुकडी देईन."

"म्हणजे तुकडी वाचली तुझी," असं म्हणून ती टोपली घेऊन बाजारला निघून गेली.

मी पाना लावला, नट ढिले केले, आस थोडा पुढे घेतला. वाकून चेनीखाली बोट घालते तोच वर काहीतरी कुरकुरलं. मीठ सरकलं, मिठाने टाकीला ढकललं, टाकी गडगडत खाली उतरली आणि अंगण ओलांडून माडाच्या आळ्यात जाऊन उभी राहिली. अगदी सरळ, जणू तिथेच ठेवायची होती.

ओटीवरून खोकल्यासारखा आवाज आला. मी घाबरून वळले. मामा खोकत नव्हते.

"हलव्याची तुकडी गेली तुझी," ते म्हणाले.

मग खुर्ची सरकली. ते पायऱ्या उतरायला लागले, एकेक पायरी, हात भिंतीला. खाली येऊन चिंबोरीसमोर उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिच्या एवढ्या जवळ आले नव्हते. घरात तिचा विषय निघाला की "ते लाल" एवढंच म्हणायचे.

"वजनच पाहिजे ना?"

"होय. सल्ला नको मामा, नुसतं वजन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाटा उचलून बाजूला ठेवला, त्या वयात एका दमात, आणि होडीच्या काठावरून आत यावं तसे सीटवर चढून बसले.

"आता?"

"आता हलू नका."

मी बोट घातलं. "ताठ झाली."

"मी बसलो म्हणून?"

"तुम्ही बसलात म्हणून."

"उतरतो." ते उतरले. "आता?"

"लोंबली."

"किती?"

"हे बघा, एवढी."

त्यांना पटेना. पुन्हा बसले, पुन्हा उतरले. मग म्हणाले, "तू बस. मी हात लावतो."

"मामा, गुडघे—"

"गुडघे माझे हायेत."

ते चाकाशी उकिडवे बसले. मी सीटवर. त्यांनी चेनीखाली दोन बोटं घातली. जाळ्यातला पीळ बघावा तशी, टोकांनी.

"ऊठ."

मी उठले.

"बस."

मी बसले.

"ऊठ. बस. ऊठ."

शाळेत शिक्षा केल्यासारखं चाललं होतं. मला हसू येत होतं. मग त्यांनी "बस" म्हटलं आणि पुढचं "ऊठ" आलंच नाही. मी वाकून बघितलं. त्यांची बोटं चेनीखाली तशीच होती, आणि डोळे बोटांकडे नव्हते.

"पाणी चढल्यागत," ते म्हणाले.

"काय?"

"काय नाय. तुझं काम कर."

मग मी माझं काम केलं. ते सीटवर बसले, मी मागून ढकलत चिंबोरीला थोडं थोडं पुढे नेलं, आणि प्रत्येक ठिकाणी चेनीखाली बोट घातलं. नवी असली तरी चेन सगळीकडे सारखी नसते. एका जागी जास्त ताठ असते, ढील तिथली बघायची. अंगणात माझे सासरे पालखीत बसल्यासारखे पुढे सरकत होते आणि मी पाना घेऊन मागे. जिथे सगळ्यात ताठ, तिथे मामा बसलेले असतानाही एक बोट सहज वरखाली होईल इतका आस पुढे घेतला. नट आवळले. रॉकेलच्या फडक्याने चेन पुसली. तेलाचा हात फिरवून पुन्हा कोरडी केली, कारण तेल राहिलं की वाळू धरते. पाना पिशवीत टाकला.

"झालं, मामा. उतरा आता."

ते उतरले नाहीत. मागे सरकले.

"खाडीपर्यंत ने."

"आत्ता? हे येतील, भाल्या येईल. त्यांच्यासमोरच न्यायची ठरलीय."

"त्यांच्यासमोर तुटायच्या आधी एकदा बघायला नको?"

हे बरोबर होतं. पण ते खरं कारण नव्हतं, एवढं मला कळलं. मी चावी फिरवली.

धाकू तांडेल वाळूवर आला, ही बातमी आमच्यापुढे कशी पोहोचली कोण जाणे. जाळी शिवणारे बाप्ये उठून उभे राहिले. एकाने टोपी काढली. मामांनी कुणाकडे पाहिलं नाही. मला न धरता त्यांनी मागचं कॅरियर धरलं होतं. पाणी सुकतीला, म्हणजे ओहोटीला लागलेलं, त्यामुळे ओली वाळू रुंद आणि घट्ट होती. चेन नेहमी करायची तशी कण्हत नव्हती. तिचा एक मऊ, एकसारखा आवाज येत होता. मी वेग वाढवला तेव्हा मामा म्हणाले, "हां."

खाडीच्या धक्क्याशी मी इंजीन बंद केलं. ओहोटीमुळे होड्या खाली चिखलात टेकल्या होत्या आणि त्यांचे दोर वरच्या दगडी खुंटांपासून लोंबत होते, लांबच लांब, अघळपघळ. मामा उतरले, चालत तिसऱ्या खुंटापाशी गेले आणि त्याच्यावर हात ठेवला. त्या खुंटाला कुणाचीच होडी नव्हती.

"तो दोर सैल नव्हता," ते म्हणाले.

मी गाडीवरच बसून होते. कोणता दोर, हे विचारायची गरज नव्हती.

"हिऱ्यानं बरोबर बांधला होता. सुकती होती तवा. भरतीला लागंल तेवढा सोडून, जसा बांधायचा तसा. मी दिवेलागणीला इथं आलो. बघतो तर दोर लोंबतोय. एवढं वादळ यायचं, आणि आमच्या पार्वतीचा दोर लोंबतोय. मी तो आवळून कसला."

"मामा—"

"उधाणाचे दिवस होते, बाय. आयुष्य पाण्यात गेलं माझं. पण त्या दिवशी डोक्यात नुसता वारा होता. पाणी चढंल हे ध्यानातच नाय. पाणी चढलं, होडी वर जायला बघते, आणि मी बांधून ठेवलेली. आज तू बसलीस आणि बोटाखाली ती चेन ताणली ना, तसं."

खाली चिखलात एक बगळा पाय उचलून उभा होता.

"मग धक्क्यावर तसं का बोललात?"

"तवा मना तसंच वाटलं. हिऱ्यानं लय सोडला होता, म्हणून मी कसूनबी गेला, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ओटीवरून पाणी भरताना बघत बसलो, तवा कळलं. तोवर शब्द गावभर झाला होता." ते खुंटावरचं शेवाळ नखाने काढत होते. "मग आज सांगू, उद्या सांगू. पाण्याकडं बघितलं की आठवायचं, म्हणून खुर्ची फिरवली. आणि हा बघ, तेव्हापासून दिसंल ते आवळत सुटलाय. मी रोज बघतो. ती कपड्यांची दोरी. पोरांच्या नाड्या."

मला वाटायचं, खुर्ची भिंतीकडे म्हणजे त्यांना काही दिसत नाही.

"तू सांग त्याला," ते म्हणाले.

"मी नाय सांगणार."

"तुझं ऐकतो तो."

"ऐकत असता तर चेन तुटली असती का दोनदा?" मी चावी फिरवली. "मी फक्त गाडी चालवते, मामा. बसा."

परत आलो तेव्हा घरासमोरच्या वाळूत भाल्याचा टेम्पो उभा होता. मागचा फाळका खाली केलेला, फळ्या लावून ठेवलेल्या. हिराजी नुकताच आलेला असावा, खांद्यावरची पिशवी अजून खांद्यावर होती. आधी त्याने चिंबोरी पाहिली, मग माझ्या मागे कोण आहे ते पाहिलं, आणि पिशवी हळूहळू खाली उतरली.

भाल्याला कुठे गप्प बसायचं ते कधीच कळलं नाही. "मामा! तिकीट काढलंत का? का वहिनीनं फुकट फिरवलं?"

मामा उतरले. अनवाणी होते. पायाची बोटं वाळूत रुतली, ते तसेच उभे राहिले.

"दोघं बसून खाडीपर्यंत जाऊन आलो," मी म्हटलं. "तुटली नाय."

हिराजी बापाकडे न बघता चाकाशी बसला. त्याचं नेहमीचंच होतं ते. दोघं एका घरात राहायचे, एका पंगतीला जेवायचे, आणि एकमेकांच्या खांद्यापलीकडे बघून बोलायचे. त्याने चेनीखाली बोट घातलं.

"सैल हाय."

"बसायला लागतं वर. मग बघायची. मी दाखवते—"

"आज आली. उद्या तुटंल." त्याने पिशवीतून पाना काढला आणि नटावर लावला.

मला तेव्हा चिंबोरीचं काही वाटलं नाही. टेम्पोत चढली असती तरी चाललं असतं. मी मामांकडे बघत होते. ते समुद्राकडे बघत होते, समोरासमोर.

"हिऱ्या," ते म्हणाले. "हात काढ."

"बाबा, एवढी सैल—"

"बरोबर हाय ती ढील."

हिराजीने हात काढला नाही. पाना नटावर तसाच.

"तवाची पण बरोबर होती," मामा म्हणाले. "तू बांधून गेलास. मग मी आलो. मी कसला दोर."

भाल्या काहीतरी बोलणार होता. मी त्याच्याकडे बघितलं, आणि आयुष्यात एकदा तो गप्प राहिला.

हिराजी उकिडवाच होता. मला त्याची फक्त मान दिसत होती, उन्हाने काळी पडलेली, आणि कानामागे मिठाची पांढरी रेघ. तो ओरडेल असं वाटलं. रडेल असंही वाटलं. एक लाट आली, आमच्यापासून लांबच मोडली आणि मागे गेली.

"किती?" त्याने विचारलं.

"काय?"

"किती कसला?"

मामांनी दोन्ही हात पसरून दाखवले. मग थोडे आणखी पसरले. "एवढा. जास्तच."

"उधाणाला?"

"उधाणाला."

हिराजीने मान हलवली. दोन खलाशी तिसऱ्याच कुणाच्या होडीबद्दल बोलत असावेत, तशी.

"मग तुटणारच," तो म्हणाला.

त्याने पाना काढून पिशवीत टाकला. उठून उभा राहिला तेव्हा त्याचा हात मामांच्या दंडाला लागला, का त्याने लावला, मला सांगता यायचं नाही. पण त्यांना वाळूतून वर घेऊन जाताना त्याने तो काढला नाही. ओटीच्या पायऱ्यांपाशी दोघं थांबले. मामा काहीतरी म्हणाले, हिराजी काहीतरी म्हणाला. वाऱ्याने माझ्यापर्यंत काही आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच.

"वहिनी," भाल्या हळूच म्हणाला, "मग ही चढवायची का नाय टेम्पोत?"

"फळ्या काढ," मी म्हटलं. "चहा पिऊन जा."

त्या संध्याकाळी लीलाकाकूला हलव्याची तुकडी नेऊन दिली. कशाबद्दल, ते तिला आठवत नव्हतं. मीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरी धुतल्या आणि वाळत घालायला अंगणात गेले. कपड्यांची दोरी कुणीतरी सोडून पुन्हा बांधली होती. दोन्ही टोकांना हिराजीची गाठ, ती मी कुठेही ओळखेन. पण मधे दोरी अशी लोंबत होती, की खाडीतल्या होडीलाही पुरून उरली असती. मी पहिली ओली चादर टाकली, तशी ती झोकात खाली गेली आणि तिची कड मातीला टेकली.

ओटीवर खुर्ची समुद्राकडे तोंड करून ठेवलेली होती. तिच्यात मामा, आणि पायरीवर हिराजी, ते बघत होते तिकडेच बघत. दोघांचे चहाचे कप रिकामे झाले होते, तरी कुणी उठत नव्हतं.

मी ती चादर पुन्हा धुतली. मग वईतला एक बांबू उपटून दोरीच्या मधोमध टेकू दिला, चादर टाकली, आणि गाठींना हात लावला नाही.